संरक्षित निसर्गप्रदेशातील सौरप्रकल्पांना परवानगी (इंग्लंड)

इंग्लंडमधील राष्ट्रीय उद्यानांत आणि नॅशनल लँडस्केप म्हणून जाहीर झालेल्या प्रदेशांत जमिनीवर सौर पॅनेल उभारू द्यायचे की नाही, हे ठरवणारी नियोजनप्रक्रिया. नॅशनल लँडस्केप हे नाव नोव्हेंबर २०२३ पासूनचे. त्याआधी हे प्रदेश ‘एरियाज ऑफ आउटस्टँडिंग नॅचरल ब्यूटी’ म्हणून ओळखले जात आणि कायद्यात अजूनही तेच नाव आहे. दोन्ही प्रकारांचे मूळ १९४९च्या कायद्यात आहे. इथले राष्ट्रीय उद्यान म्हणजे निर्मनुष्य अभयारण्य नव्हे. त्यात गावे आहेत, शेते आहेत, मेंढ्यांची कुरणे आहेत, आणि बरीचशी जमीन खाजगी मालकीची आहे. सौरप्रकल्पांना इथे सरसकट बंदी नाही. मात्र मोठा प्रकल्प नाकारणे हा नियम आणि मंजूर करणे हा अपवाद.

प्रकल्प राष्ट्रीय उद्यानात असेल तर त्या उद्यानाचे प्राधिकरणच अर्जावर निर्णय देते. नॅशनल लँडस्केपमध्ये निर्णय स्थानिक कौन्सिलचा असतो. लँडस्केपचे मंडळ फक्त अभिप्राय देते. ठरावीक क्षमतेपलीकडचे प्रकल्प कौन्सिलकडे येतच नाहीत. त्यांची तपासणी प्लॅनिंग इन्स्पेक्टोरेट ही सरकारी यंत्रणा करते आणि निर्णय ऊर्जामंत्री देतात. ही मर्यादा बरीच वर्षे ५० मेगावॉट होती, त्यामुळे ४९.९ मेगावॉटच्या अर्जांचे पेवच फुटले होते. ३१ डिसेंबर २०२५ पासून सौरऊर्जेसाठी ती १०० मेगावॉट झाली. मोजली जाते ती इन्व्हर्टरमधून (पॅनेलांची डीसी वीज एसी करणाऱ्या यंत्रातून) बाहेर पडणारी एसी वीज, पॅनेलांची बेरीज नव्हे. म्हणून अर्जावरच्या मेगावॉटवरून किती शेते झाकली जाणार ते कळत नाही, नकाशाच पाहावा लागतो. सरकारी धोरणपत्रात ढोबळ हिशेब दिला आहे: ५० मेगावॉटला १२५ ते २०० एकर जागा आणि एक ते दीड लाख पॅनेल.

राष्ट्रीय नियोजन धोरणानुसार संरक्षित प्रदेशाच्या सौंदर्याला ‘मोठे वजन’ द्यायचे असते. प्रकल्प ‘मोठा’ ठरला तर अपवादात्मक परिस्थिती आणि सार्वजनिक हित या दोन्ही गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात. मोठा कशाला म्हणायचे याला एकरांचे माप नाही; स्वरूप, आकार आणि परिसर पाहून निर्णय देणाऱ्यानेच ते ठरवायचे. तीन हेक्टरांचा प्रकल्प खोलगट दरीत किरकोळ ठरेल, डोंगरकडेवर तोच मोठा ठरू शकतो. त्यानंतर तपासायचे ते असे: गरज किती आहे, हेच काम प्रदेशाबाहेर किंवा दुसऱ्या मार्गाने किती खर्चात होईल, आणि निसर्ग, दृश्य व लोकांचा विरंगुळा यांची किती हानी होऊन त्यातली किती टाळता येईल.

अर्ज ढेपाळतात ते बहुधा यातल्या दुसऱ्या, म्हणजे पर्यायी जागेच्या मुद्द्यावर. कंपनीला एका विशिष्ट सबस्टेशनवर ग्रीड जोडणी मिळालेली असते. केबल लांबवली की खर्च वाढतो, म्हणून त्या सबस्टेशनभोवती दोनतीन किलोमीटरचे वर्तुळ काढून ‘आतमध्ये दुसरी जागा नाही’ असा अहवाल जोडला जातो. वर्तुळच संरक्षित प्रदेशात असेल तर दुसरे उत्तर येणार तरी कुठून? देशाची विजेची गरज कुठल्याही सबस्टेशनवरून भागते. एका सबस्टेशनवरची मोकळी क्षमता ही अर्जदाराची सोय झाली. डिसेंबर २०२४च्या धोरणाने अक्षय ऊर्जेच्या लाभाला भरीव वजन दिले आणि तिची गरज सिद्ध करण्याच्या जबाबदारीतून अर्जदाराला मोकळे केले, पण पर्यायी जागेचा प्रश्न त्याने मिटत नाही.

दुसरी अडचण २०२३च्या कायद्याने आणली. त्या वर्षीच्या २६ डिसेंबरपासून सार्वजनिक संस्थांनी या प्रदेशांच्या उद्दिष्टांना ‘पुढे नेण्याचा प्रयत्न’ करायचा आहे. पूर्वी ती नुसती लक्षात घेतली तरी भागत असे. हे कर्तव्य हद्दीबाहेरच्या, पण आतल्या जमिनीवर परिणाम करणाऱ्या प्रकल्पालाही लागू आहे. कुंपणापलीकडे म्हणून सुटका नाही.

दृश्य परिणामाचा अभ्यास हा या निर्णयाचा कणा. संगणकावर आधी उघडीबोडकी जमीन धरून प्रकल्प कुठून कुठून दिसू शकेल त्याचा नकाशा काढतात, मग पायवाटा, टेकड्या आणि घरे यांतून निरीक्षणबिंदू निवडतात. जागेची पाहणी हिवाळ्यात झाली पाहिजे. उन्हाळ्यात काढलेले फोटो प्रकल्प झाकून टाकतात, कारण हॉथॉर्न आणि ब्लॅकथॉर्न या काटेरी झुडपांच्या जिवंत कुंपणांची पाने थंडीत झडतात. स्थिर पॅनेलांच्या रांगा सहसा दक्षिणेकडे तोंड करून, वरची कड अडीच ते तीन मीटर उंच ठेवून उभ्या केलेल्या असतात. दक्षिणेकडून त्या गडद, अधूनमधून चकाकणाऱ्या दिसतात. उत्तरेकडून नजरेत भरतो तो लोखंडी सांगाडा. सपाटीवर पहिली रांग मागच्या सगळ्या झाकते. समोर चढ असला की रांगांवर रांगा चढतात, मधले गवत दिसेनासे होते आणि सगळी टेकडी एकाच काळ्या ताडपत्रीसारखी भासते. अर्जासोबतच्या कल्पित छायाचित्रात वाढवलेले कुंपण ‘१५व्या वर्षी’ सगळे लपवते. पहिल्या वर्षाचे चित्र मागावे.

लपवण्याचा उपाय कधी मूळ दुखण्याहून वाईट असतो. दक्षिण इंग्लंडमधील साउथ डाउन्ससारख्या चुनखडीच्या मोकळ्या माळावर मोकळेपणा हेच संरक्षणाचे कारण. तिथे साडेतीन मीटरची झाडी उभी केली की पॅनेल झाकले जातात आणि माळही जातो. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना दोन मीटरचे कुंपण घातले तर वाटेचा बोळ होतो.

मातीसाठी साधारण हेक्टरी एक छिद्र १.२ मीटरपर्यंत घेऊन प्रत तपासतात. पहिली, दुसरी आणि ३-ए या प्रतींची ती उत्तम शेतजमीन, ती शक्यतो टाळायची. जैवविविधतेत किमान दहा टक्के वाढीची अट फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या प्रकल्पांना आहे. नांगरटीच्या जागी गवत आले की गणितात ती सहज पुरी होते, त्यामुळे फुगलेल्या टक्केवारीने भारावून जाऊ नये. मोकळ्या शेतात जमिनीवर घरटे करणारा चंडोल पॅनेलांच्या रांगांत सहसा घरटे करत नाही. त्याच्यासाठी दुसऱ्या शेतात जागा राखून ठेवावी लागते आणि ती प्रकल्पाच्या मुदतीभर टिकेल असा करार हवा.

मंजुरी मिळाली तर ती बहुधा ४० वर्षांची असते. ‘तात्पुरती’ हा शब्द अर्जात वारंवार येतो; एका पिढीला ते दृश्य कायमचेच. अटींमध्ये पॅनेलांची कमाल उंची, कुंपणाचा प्रकार, मेलेली रोपे बदलण्याची मुदत, ओल्या जमिनीवर यंत्रे न चालवणे, आणि वीजनिर्मिती ठरावीक महिने थांबली तर सर्व काढून नेणे हे नेमके लिहावे. काढून नेण्याच्या खर्चाची हमी वेगळ्या करारात घ्यावी आणि दर काही वर्षांनी तिचा फेरआढावा ठेवावा. प्रकल्प अनेकदा केवळ त्याच्यासाठीच स्थापलेल्या कंपनीच्या नावावर असतो आणि मध्येच विकला जातो. ती कंपनी बुडाली आणि हमी नसली, तर जमिनीतले खांब उपटण्याचा खर्च जमीनमालकाच्या गळ्यात पडतो.