स्टेअर कोच

स्टेअर कोच : मानसिक आघातानंतर ज्यांना भावना आवरणे आणि माणसांशी जुळवून घेणे जड जाते, त्यांच्यासाठीचे मोफत मोबाइल अ‍ॅप. अमेरिकेच्या माजी सैनिक विभागाच्या नॅशनल सेंटर फॉर पीटीएसडी (स्थापना १९८९) या संस्थेच्या कामातून ते आले. पीटीएसडी म्हणजे आघातोत्तर ताण विकार. त्याचा पाया ‘स्टेअर’ ही उपचारपद्धती आहे. ‘स्किल्स ट्रेनिंग इन अफेक्टिव्ह अँड इंटरपर्सनल रेग्युलेशन’ या लांबलचक नावाची आद्याक्षरे जुळवून जिन्याचा अर्थ असलेला हा शब्द साधला आहे.

पद्धत मेरिलीन क्लोइत्र या मानसशास्त्रज्ञांची. लहानपणी अत्याचार सोसलेल्या स्त्रियांवर उपचार करताना एक गोष्ट पुढे येई : आठवणी छळतातच, पण रोजचे जगणे अडते ते रागाच्या भडक्याने, एकाएकी येणाऱ्या बधिरपणाने आणि कोणावरच विश्वास न बसल्याने. म्हणून त्यांनी उपचाराचे दोन भाग केले. आधी कौशल्ये, मग आठवणींना सामोरे जाणे. २००२ मध्ये ५८ स्त्रियांवरील चाचणीचे निष्कर्ष आले. २०१० मध्ये १०४ स्त्रियांवरील चाचणीत दोन्ही भाग मिळालेल्या गटाला अधिक फायदा झाल्याचे दिसले. ‘आधी कौशल्ये’ हा क्रम मात्र सर्वमान्य नाही. थेट आठवणींवरचे उपचार बहुतेकांना झेपतात, त्यांना ताटकळत ठेवू नये, असे काही संशोधक म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात (अंमल १ जानेवारी २०२२) ‘गुंतागुंतीचा आघातोत्तर ताण विकार’ हे वेगळे निदान आले. त्याच्या लक्षणांत भावनांचा ताबा सुटणे, स्वतःला कमी लेखणे आणि नाती टिकवता न येणे यांचा समावेश आहे, आणि स्टेअरचा रोख नेमका तिथेच आहे.

शिकवणीची सुरुवात भावनेला नाव देण्यापासून होते. ‘कसंतरी होतंय’ एवढ्यावर भागत नाही. कशाने झाले, काय वाटले, किती तीव्रतेने, मनात कोणता विचार आला आणि मी काय केले, हे तक्त्यात लिहायचे. उदाहरणार्थ : साहेबांनी केबिनमध्ये बोलावले, भीती, खूप, ‘आता नोकरी गेली’, जेवणाचा डबा तसाच राहिला. मग शरीर, विचार आणि कृती अशा तीन वाटांनी उपाय शोधायचे. संथ श्वास ही शरीराची वाट, विचार तपासून पाहणे ही दुसरी, आणि टाळलेली गोष्ट थोडी थोडी करणे ही तिसरी.

पद्धतीचा कस लागतो तो नात्यांच्या भागात. इथे ‘मी अमुक केले, तर समोरचा तमुक करील’ अशी मनात घट्ट बसलेली समीकरणे उकलायची असतात. ‘मदत मागितली, तर लोक कमजोर समजतील’ हे त्यातले एक. बालपणी ते खरे होते, त्याने जीवही राखला असेल. आता त्याची गरज उरली आहे का, हे छोट्या प्रसंगांत पडताळायचे. वरिष्ठ, बरोबरीचे आणि आपल्यावर अवलंबून असणारे यांच्याशी ठामपणे बोलण्याचे सूर वेगवेगळे असतात, हेही शिकवतात. (तू, तुम्ही आणि आपण यांत रोज निवड करणाऱ्या मराठी माणसाला हे नवे वाटू नये. पण ठाम आणि उद्धट यांतला फरक इथेही घरात क्वचितच कोणी समजावतो.)

ही कौशल्ये दवाखान्यात नव्हे, बाहेर लागतात, म्हणून फोन. भांडण रात्री अकराला पेटते; समुपदेशक भेटणार पुढच्या आठवड्यात. तोवर श्वासाचा सराव आणि शिकलेल्या गोष्टींची उजळणी हाताशी राहते. याच केंद्राचे ‘पीटीएसडी कोच’ हे अ‍ॅप २०११ पासून आहे. त्याचा भर आघातोत्तर ताणाच्या लक्षणांवर. ‘वेबस्टेअर’ हा संगणकावरचा दहा भागांचा अभ्यासक्रम ग्रामीण भागांतील माजी सैनिक स्त्रियांपर्यंत नेला गेला. त्यांच्यापासून उपचारकेंद्र लांब असते. या अभ्यासक्रमाच्या जोडीला प्रशिक्षक व्हिडिओवरून बोलतो, आणि माझ्या मते तीच त्याची जमेची बाजू.

अ‍ॅप हा उपचाराला पर्याय नव्हे, पूरक साधन आहे. मूळ पद्धतीत समुपदेशक स्वतः साहेब होतो, नवरा होतो, आणि त्याच्यासमोर ‘नाही’ म्हणण्याची तालीम करून घेतो. आवाज कुठे कापला, नजर कधी खाली गेली, हे तो टिपतो. ते काम फोनच्या पडद्याला जमत नाही.