डॅनियल इनोये

इनोये, डॅनियल केन : (७ सप्टेंबर १९२४ – १७ डिसेंबर २०१२). अमेरिकी सैनिक, वकील आणि राजकारणी. हवाई राज्याचे प्रतिनिधी-सभागृहातले पहिले सदस्य आणि पुढे जवळजवळ पन्नास वर्षे सिनेटर. अमेरिकी काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांत पोचलेले जपानी वंशाचे पहिले गृहस्थ. व्हायचे होते शल्यचिकित्सक. उजवा हात इटलीतल्या एका टेकडीवर गेला आणि ते कायद्याकडे वळले.

घराण्याचा हवाईशी संबंध जुळला तो एका आगीमुळे. जपानच्या फुकुओका प्रांतात आजोबा आसाकिची यांच्या घराला आग लागली आणि तीत शेजाऱ्यांची घरेही जळाली. भरपाईचे कर्ज फेडण्यासाठी ते १८९९ मध्ये बायको आणि लहानग्या ह्योतारोसह काउआई बेटावर उसाच्या मळ्यात मजुरीला आले. कर्ज फिटेपर्यंत कुटुंबाने तिथेच मूळ धरले होते. ह्योतारोचा मुलगा डॅनियल होनोलुलूत जन्मला. आई कामे पोरकी होती; ज्या मेथडिस्ट धर्मोपदेशकाने तिला सांभाळले त्याचेच नाव तिने मुलाला ठेवले.

७ डिसेंबर १९४१ च्या सकाळी पर्ल हार्बरवर बाँब पडले तेव्हा इनोये सतरा वर्षांचे होते. रेडक्रॉसचे प्रथमोपचार शिक्षण झालेले असल्याने ते सायकलवरून मदत केंद्राकडे धावले. मात्र काही महिन्यांतच त्यांच्यासारख्या तरुणांना भरतीच्या नोंदीत ‘शत्रुपक्षाचे परकीय’ या वर्गात टाकण्यात आले. जन्म अमेरिकी भूमीवरचा असला तरी. मुख्य भूमीवर तर फेब्रुवारी १९४२ च्या अध्यक्षीय आदेशानंतर जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना छावण्यांत डांबले गेले. हवाईत तसे सरसकट झाले नाही. तिथे एकतृतीयांशाहून अधिक वस्ती जपानी वंशाची. एवढ्या लोकांना उचलले असते तर बेटांचे रोजचे कामच थांबले असते.

१९४३ मध्ये ही भरतीबंदी उठली आणि केवळ जपानी वंशाच्या सैनिकांची ४४२ वी रेजिमेंट उभी राहू लागली. इनोये तेव्हा हवाई विद्यापीठात वैद्यकीय शिक्षणाची पूर्वतयारी करत होते. ती सोडून ते भरती झाले. रेजिमेंटचे ब्रीद जुगाराच्या बोलीतून उचललेले होते : एकाच डावात सगळे लावून मोकळे व्हा. मिसिसिपीतल्या प्रशिक्षण छावणीत हवाईची पोरे आणि मुख्य भूमीवरची पोरे यांचे सुरुवातीला अजिबात जमेना, रोज मारामाऱ्या होत. मग हवाईच्या काही जणांना आर्कान्सातली नजरकैदेची छावणी दाखवायला नेले. काटेरी तारा, पहाऱ्याचे बंदूकधारी सैनिक, आणि आत आपल्याच सोबत्यांचे आईबाप. परतीच्या वाटेवर गाडीत कोणी बोलेना. आपल्यावर अशी वेळ आली असती तर आपण या सैन्यात आपणहून आलो असतो का, हा प्रश्न त्या दिवशी मनात आल्याचे इनोये पुढे वारंवार सांगत.

इटली आणि फ्रान्समधल्या लढायांत ते सार्जंटचे सेकंड लेफ्टनंट झाले. फ्रान्समध्ये एक गोळी थेट छातीवर आली, पण ती खिशातल्या चांदीच्या दोन डॉलरांवर अडली. ती नाणी ते तेव्हापासून तावीजासारखी जवळ बाळगत. २१ एप्रिल १९४५ च्या आदल्या दिवशी ती हरवली.

२१ एप्रिलला उत्तर इटलीत सान तेरेंझो गावाजवळच्या एका कड्यावर तीन जर्मन मशिनगनींनी त्यांची तुकडी रोखून धरली. पोटात गोळी लागलेली असताना इनोये यांनी दोन ठाणी निकामी केली. तिसऱ्यावर फेकायला हातबाँब उचलला, तोच समोरून आलेल्या ग्रेनेडने उजव्या कोपराच्या चिंध्या केल्या. हात लोंबकळत राहिला आणि मुठीत जिवंत बाँब तसाच आवळलेला. मदतीला धावलेल्यांना त्यांनी ओरडून मागे थांबवले, डाव्या हाताने ती मूठ उकलली, बाँब काढून ठाण्यावर फेकला आणि डाव्याच हाताने बंदूक चालवत पुढे गेले. पायाला गोळी लागून उतारावरून घरंगळेपर्यंत ते थांबले नाहीत. इटलीतल्या जर्मन फौजांची शरणागती यानंतर दोन आठवड्यांच्या आतच झाली.

वीरकथा इथे संपवण्याचा मोह चरित्रकारांना होतो. खरे तर इनोये यांचे पुढचे आयुष्य घडले ते इस्पितळाच्या खाटेवर. एका परिचारिकेने सिगारेटचे न फोडलेले पाकीट त्यांच्या पुढ्यात टाकले आणि ती निघून गेली. दातांनी, हनुवटीने झटापट करून पाकीट कसेबसे फुटले. काडी काही पेटेना. परत आल्यावर तिने एका हाताने काडी कशी ओढायची ते दाखवले आणि जन्मभर तुमच्या सिगारेटी पेटवायला मी येणार नाही, असे बजावले. आपल्याला आता बसतो आहे तो चटका नसून शिकवणी आहे, हे तेव्हा उमगल्याचे त्यांनी लिहिले आहे.

मिशिगन राज्यात बॅटल क्रीक येथील लष्करी रुग्णालयात त्यांना कॅन्सासचा बॉब डोल भेटला. डोलही इटलीतच, आठवडाभर आधी जखमी झालेला. त्याचाही उजवा हात कायमचा निकामी. पत्ते खेळता खेळता डोलने पुढचा बेत सांगितला : कायदा शिकायचा, जिल्ह्याचा सरकारी वकील व्हायचे, मग राज्याच्या विधिमंडळात आणि जागा मिळताच वॉशिंग्टनला. इनोये यांनी तोच नकाशा उचलला आणि काँग्रेसमध्ये डोलच्या आधी पोचले. मी इथे आलो, तू कुठे आहेस, असे त्यांनी नंतर मित्राला विचारल्याचे दोघेही मजेत सांगत. त्याच रुग्णालयात फिलिप हार्टही होते. तिघेही पुढे सिनेटर झाले आणि त्या इमारतीला आज तिघांची नावे आहेत.

१९४७ मध्ये कॅप्टन म्हणून निवृत्त होऊन घरी परतताना सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एका न्हाव्याने त्यांचे केस कापायचे नाकारले. अंगावर गणवेश, छातीवर पदके, उजव्या बाहीतून दिसणारा धातूचा आकडा; पण न्हाव्याला चेहरा तेवढा दिसला.

माजी सैनिकांसाठीच्या सरकारी शिक्षणसाहाय्यावर त्यांनी हवाई विद्यापीठाची पदवी आणि मग वॉशिंग्टनच्या जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतली. सनद मिळाल्यावर १९५३ पासून ते होनोलुलूत साहाय्यक सरकारी वकील होते. वकिली जेमतेम वर्षभराची. खटले गाजवल्याची नोंद नाही, आणि त्यांनी तसा दावाही केला नाही. कायदा ही पायरी होती.

हवाईत तोवर रिपब्लिकन पक्षाचे आणि साखर कारखानदारीतल्या पाच बड्या कंपन्यांचे राज्य चाले. १९५४ च्या निवडणुकीत डेमोक्रॅटिक नेते जॉन बर्न्स यांनी कामगार संघटना आणि युद्धावरून परतलेले जपानी वंशाचे तरुण एकत्र आणले आणि डेमोक्रॅटिक पक्षाने प्रादेशिक विधिमंडळ जिंकले. प्रचारात या तरुणांवर कम्युनिस्ट असल्याचा शिक्का मारला गेला. इनोये यांनी सभेत रिकामी बाही दाखवली : हा हात फॅसिस्टांशी लढताना दिला, कम्युनिस्टांशी लढायला देशाला दुसरा हवा असेल तर तोही हजर आहे. ते निवडून आले आणि पक्षाचे सभागृह नेतेही झाले.

२१ ऑगस्ट १९५९ रोजी हवाई पन्नासावे राज्य झाले आणि तीन दिवसांनी प्रतिनिधी-सभागृहाचे सदस्य म्हणून इनोये यांचा शपथविधी झाला. सभापती सॅम रेबर्न यांनी रिवाजाप्रमाणे उजवा हात वर करायला सांगितले. डावा वर झाला. न्यूयॉर्कचे सदस्य लिओ ओब्रायन यांनी पुढे सभागृहात त्या क्षणाची आठवण काढून सांगितले, की तेव्हा मणभर पूर्वग्रह गळून जमिनीवर पडला. १९६२ मध्ये ते सिनेटवर निवडून गेले आणि अखेरपर्यंत तिथेच राहिले.

राष्ट्रभर चेहरा ओळखीचा झाला तो १९७३ च्या वॉटरगेट चौकशीत, म्हणजे विरोधी पक्षाच्या कार्यालयातील घरफोडी आणि ती दडपण्याचे अध्यक्ष निक्सन यांच्या माणसांचे प्रयत्न यांच्या चौकशीत. निक्सन यांचे सल्लागार जॉन एर्लिकमन यांची साक्ष ऐकताना इनोये पुटपुटले, केवढा खोटारडा माणूस. मायक्रोफोन चालू होता आणि सगळ्या देशाने ऐकले. साक्षीदाराच्या वकिलाने याचे उट्टे त्यांच्या वंशाचा हिणकस उल्लेख करून काढले. १९७६ मध्ये ते सिनेटच्या गुप्तवार्ता समितीचे पहिले अध्यक्ष झाले. १९८७ मध्ये इराण-काँट्रा प्रकरणात (इराणला गुपचूप शस्त्रे विकून तो पैसा निकाराग्वातील बंडखोरांना दिल्याचे प्रकरण) सिनेटच्या चौकशी समितीचे. छावण्यांच्या अन्यायाची आधी रीतसर चौकशी व्हावी, मग भरपाई मागावी, ही त्यांची सूचना होती. वकिलाचाच मेंदू तो. आयोगाच्या अहवालानंतर १९८८ च्या कायद्याने देशाची माफी आणि हयात बंदिवानांना प्रत्येकी २०,००० डॉलर मिळाले.

हवाईत मात्र त्यांची ओळख पैसे आणणारा सिनेटर अशी. रस्ते, बंदरे, लष्करी तळ, विद्यापीठ यांसाठी अर्थसंकल्पात रकमा राखून घेण्यात त्यांचा हातखंडा होता. उधळपट्टीच्या टीकेला ते बेधडक उत्तर देत, आणि २००९ मध्ये सरकारी खर्चाच्या रकमा ठरवणाऱ्या विनियोजन समितीचे अध्यक्षपदच त्यांच्याकडे आले. १९९२ च्या निवडणुकीत त्यांचे केस कापणाऱ्या एका महिलेने लैंगिक गैरवर्तनाचा आरोप केला. तिचे बोलणे तिच्या नकळत ध्वनिमुद्रित करून प्रतिस्पर्ध्याने प्रचारात वापरले होते. इनोये यांनी आरोप फेटाळला, औपचारिक कारवाई झाली नाही आणि ते पुन्हा निवडून आले. गौरवलेखांत हे प्रकरण सहसा गाळले जाते.

सान तेरेंझोच्या पराक्रमासाठी मूळचे दुय्यम पदक बदलून ‘मेडल ऑफ ऑनर’ हे सर्वोच्च शौर्यपदक मिळायला जून २००० उजाडले. त्या दिवशी अध्यक्ष क्लिंटन यांनी आशियाई वंशाच्या २२ सैनिकांना ते दिले, बहुतेकांना मरणोत्तर. २०१० पासून ज्येष्ठतेने ते सिनेटचे हंगामी अध्यक्ष, म्हणजे राष्ट्राध्यक्षपदाच्या वारसाक्रमात तिसरे होते.

१७ डिसेंबर २०१२ रोजी वयाच्या ८८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. कार्यालयाने कळवले त्याप्रमाणे अखेरचा शब्द होता, ‘अलोहा’, म्हणजे हवाईतला प्रेमाचा आणि निरोपाचा शब्द. होनोलुलूच्या विमानतळाला २०१७ पासून त्यांचे नाव आहे. पार्थिव काँग्रेसच्या कॅपिटॉल इमारतीच्या घुमटाखाली ठेवले असताना ८९ वर्षांचे बॉब डोल चाकाच्या खुर्चीतून आले. डॅनीने मला खुर्चीत पाहू नये, म्हणत ते उठले, कोणाच्या तरी आधाराने शवपेटीपर्यंत चालत गेले आणि डाव्या हाताने सलाम केला.