महापौर बंगला: शिवाजी पार्कहून राणीच्या बागेत

शिवाजी पार्कसमोर, सावरकर मार्गाच्या समुद्राकडच्या अंगाला मुंबईचा जुना महापौर बंगला आहे. बांधकाम १९२८चं. त्याच्या आदल्याच वर्षी नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने 'माहीम पार्क'चं नाव 'शिवाजी पार्क' झालं होतं. कौलारू छप्पर आणि पाठीमागे अरबी समुद्र असलेला हा बंगला १९६०च्या दशकात महापौरांचं अधिकृत निवासस्थान झाला. मुंबईत सत्ता आयुक्तांच्या हाती आणि मान महापौरांकडे, अशी वाटणी आहे. त्या मानाची सगळ्यांना दिसणारी खूण म्हणजे हा बंगला. पुढे वारसा यादीत त्याला दुसरी 'ब' श्रेणी मिळाली.

१७ नोव्हेंबर २०१२ला शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांचं निधन झालं आणि दुसऱ्या दिवशी शिवाजी पार्कवरच अंत्यसंस्कार झाले. शिवसेनेचा पहिला मेळावा ३० ऑक्टोबर १९६६ला याच मैदानावर भरला होता. त्यामुळे स्मारकही इथेच हवं, ही शिवसैनिकांची भावना समजण्यासारखी होती. अडचण मैदानाची होती. साधारण २८ एकरांचा हा मोकळा तुकडा मुलांच्या क्रिकेटसाठी आणि म्हाताऱ्यांच्या फेरफटक्यासाठी राखायचा, तर त्यावर वास्तू उभी कशी करणार? अंत्यसंस्काराच्या जागेवरचा तात्पुरता चौथरा हटवतानाच डिसेंबर २०१२मध्ये बरीच ताणाताणी झाली होती.

तीन वर्षं जागांची शोधाशोध झाली. मग १७ नोव्हेंबर २०१५ला, तिसऱ्या स्मृतिदिनी, मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी महापौर बंगल्यात स्मारक होणार असल्याचं जाहीर केलं. मैदान वाचलं, भावनाही जपली गेली आणि सरकारात एकत्र असूनही रोज भांडणाऱ्या मित्रपक्षाला नाही म्हणायची वेळ आली नाही. राजकारण म्हणून चाल बिनतोड होती. घर गेलं ते महापौरांचं.

घोषणेमागून कागद आले, आणि तेच या प्रकरणात मला जास्त बोलके वाटतात. महापालिकेची मालमत्ता भाडेपट्ट्यावर द्यायची तर १८८८च्या मुंबई महानगरपालिका कायद्याच्या कलम ९२चे निर्बंध आडवे येतात. २०१७मध्ये त्या कलमातच दुरुस्ती झाली आणि स्मारकासाठी नाममात्र भाड्याने जागा देण्याची वाट मोकळी झाली. ३० वर्षांचा भाडेपट्टा, भाडं वर्षाला १ रुपया, ताबा स्मारकासाठी नेमलेल्या सार्वजनिक न्यासाकडे. किनारा नियमन क्षेत्राची परवानगी वेगळीच. बंगल्याला धक्का लावायचा नाही आणि किनाऱ्यावर उंचही बांधायचं नाही, म्हणून बरंचसं स्मारक जमिनीखाली घ्यायचं ठरलं. या सगळ्याविरुद्ध उच्च न्यायालयात जनहित याचिका झाल्या. २०२५मध्ये त्या फेटाळल्या गेल्या.

२३ जानेवारी २०१९ला, बाळासाहेबांच्या जयंतीला, जागेची कागदपत्रं उद्धव ठाकरे यांच्या हाती देण्यात आली. आदल्या दिवशी मंत्रिमंडळाने १०० कोटी रुपये मंजूर केले होते. पुढच्या महिन्यात लोकसभेसाठी भाजप-शिवसेना युती जाहीर झाली. ज्याने त्याने काय तो अर्थ काढावा. भूमिपूजन मात्र ३१ मार्च २०२१ला झालं, तोवर युती मोडून राज्यात तिसरंच सरकार बसलं होतं.

मग महापौरांचं काय? मलबार हिलवरच्या पालिकेच्या बंगल्याचं नाव निघालं, पण त्यांच्या वाट्याला आला भायखळ्याच्या राणीच्या बागेतला, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानातला बंगला. तिथे आधी पालिकेचे अतिरिक्त आयुक्त राहत. तत्कालीन महापौर विश्वनाथ महाडेश्वर आधी राजी नव्हते. प्राणिसंग्रहालय म्हणजे शांतता क्षेत्र. महापौरांकडे वेळी-अवेळी माणसं येणार, गाड्या येणार, प्राण्यांना त्रास होणार, असं त्यांचं म्हणणं होतं. मुद्दा खोटा नव्हता. तरी २०१९च्या सुरुवातीला ते तिथे राहायला गेले आणि त्यांच्यानंतर किशोरी पेडणेकरही. पेंग्विनच्या शेजाराचे विनोद महापौरांना फुकटात ऐकावे लागले.

१८६२मध्ये खुली झालेली ही बाग केवळ प्राण्यांची नाही. जुन्या झाडांचा एवढा संग्रह शहरात दुसरीकडे सापडणार नाही. तिथलं घर अधिकाऱ्याला की महापौरांना, हा वाद झाला. बागेत येणाऱ्यांसाठी ते का खुलं करू नये, हा प्रश्न सभागृहाच्या पटावर ठळकपणे कधी आलाच नाही.

आणि हे त्या आवारात, जिथे वेगळा मार्ग आधीच चालून दाखवला गेला होता. डॉ. भाऊ दाजी लाड आणि नाना शंकरशेट यांच्या खटपटीतून उभं राहिलेलं वस्तुसंग्रहालय १८७२मध्ये तिथे खुलं झालं. १९७५मध्ये त्याला भाऊ दाजींचं नाव मिळालं, पण इमारतीची दशा वाईट होत गेली. २००३मध्ये महापालिका, वारसा जतनाचं काम करणारी इन्टॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांच्यात त्रिपक्षीय करार झाला. कोण पैसे देणार, कोण दुरुस्ती करणार, मालकी कुणाची, हे आधी कागदावर आलं. २००५मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला आणि २००८मध्ये तिकीट काढून कुणालाही आत जाता येईल असं संग्रहालय पुन्हा सुरू झालं. इथे वास्तूचा वापर वादात नव्हता, त्यामुळे काम सोपं होतं, हे मान्य. पण ही पद्धत महापौर बंगल्याच्या वेळी कुणाला आठवल्याचं दिसलं नाही.

मार्च २०२२मध्ये सभागृहाची मुदत संपली, प्रशासक आले आणि राणीच्या बागेतल्या बंगल्यात राहायला महापौरच उरले नाहीत. त्या काळात तरी या घराचं पुढे काय करायचं, हे लोकांना विचारून घेता आलं असतं.