क्लिंगॉन भाषेत कळसुबाईला काय म्हणायचं?

स्टार ट्रेक ह्या अमेरिकन अंतराळ-मालिकेतले क्लिंगॉन लोक म्हणजे कपाळावर उंचवटे असलेले योद्धे, पण त्यांची भाषा नुसती आरडाओरड नाहीये बरं का, तिला पूर्ण व्याकरण आहे. भाषाशास्त्रज्ञ मार्क ओक्रँडने १९८४ च्या तिसऱ्या स्टार ट्रेक सिनेमासाठी ती रचली, १९८५ ला डिक्शनरी आली आणि आज लोक ती हौसेने शिकतात. मला तिच्यातले डोंगर-नद्यांचे शब्द फार आवडतात, कारण थोड्याच शब्दांत अख्खा नकाशा बसवलाय.

पाणी म्हणजे बिक्ख (शेवटचा आवाज पार पडजिभेजवळून काढायचा, देवनागरीत जवळपासचंच लिहितोय). ह्याला 'आ' हा प्रत्यय लावला की बिक्ख-आ, म्हणजे महासागर. नदी म्हणजे बिक्खतिक, आणि तिक म्हणजे लांब असणं, पण तिकचा दुसरा अर्थ हृदय असाही आहे, त्यामुळे हा शब्द ऐकला की मला दोन्ही आठवतं. डोंगर म्हणजे खुड, आग म्हणजे कुल, मग ज्वालामुखी झाला कुलखुड.

आता 'आ' प्रत्ययाची गंमत बघा. त्याने वस्तू नुसती मोठी होत नाही, तिचं महत्त्व वाढतं. वारा म्हणजे षुष, षुष-आ म्हणजे जोराचा वारा, आणि उलट 'खोम' लावलं की षुषखोम, जेमतेम झुळूक. आपण टेकाड-टेकडी, वाडा-वाडी करतो ना, तसंच काहीसं, फक्त आपल्याकडे ते काम लिंग बदलून होतं. पण नुसता आकाराने मोठा डोंगर म्हणायचा असेल तर प्रत्यय नको, खुड तिन म्हणायचं, म्हणजे 'डोंगर मोठा', विशेषण नंतर.

दिशांना तर मी अक्षरशः थांबून दाद दिली. मूळ शब्द तीनच आहेत: चान म्हणजे पूर्वेकडचा भाग, एव्ह वायव्येकडचा आणि तिंग नैऋत्येकडचा. इंग्लिशवाल्यांना हे विचित्र वाटतं कारण त्यांना कोपऱ्यांसाठी दोन दिशा जोडाव्या लागतात, आपल्याकडे मात्र वायव्य आणि नैऋत्य असे स्वतंत्र शब्द पहिल्यापासून आहेत, तेव्हा आपल्याला हे चटकन पटतं.

आणखी एक फायदा आपल्याला आहे. क्लिंगॉनचा ड जीभ वळवून म्हणतात, अगदी आपला ड, आणि त्यांचा ष पण तसाच मूर्धन्य (आपण हल्ली बोलताना त्याचा श करून टाकतो ते सोडा). साधा द, साधा स त्यांच्याकडे नाहीच. साधा क पण नाही, त्याच्या जागी पडजिभेजवळचा क.

म्हणून मी कळसुबाई, आपलं १६४६ मीटरचं शिखर, त्यांच्या भाषेत बसवून पाहिलं. नाव आधी, जागेचा प्रकार नंतर, जसं क्रॉटमॅग ह्या त्यांच्याकडच्या एका प्रदेशाला ते कोतमाघ षेप म्हणतात, षेप म्हणजे प्रदेश. ळ नाही तर ल घेतला, क पडजिभेचा, स चा ष. झालं: कलषुबाय खुड.

आणि हेच नाव क्रॉटमॅगमधल्या क्लिंगॉनने वाचलं तर? तिथल्या बोलीत ब चा म होतो आणि ड चा चक्क ण, मग तो म्हणेल कलषुमाय खुण.