गांजातील घटक आणि प्राण्यांचा गर्भ: तुलना नेमकी कोणाशी?

टीएचसीची, म्हणजे गांजातील नशा आणणाऱ्या मुख्य घटकाची, रचना 1964 मध्ये कळली, तरी त्या दशकाच्या अखेरीस उंदीर, हॅमस्टर आणि सशांवर झालेल्या प्रयोगांत वापरला गेला तो चरसाचा कच्चा अर्क, अनेकदा थेट उदरपोकळीत टोचून. पिल्लांत व्यंगे दिसली; पण अर्कात टीएचसी किती याचा भरवसा नव्हता आणि मात्रा प्रचंड होत्या. पुढे शुद्ध टीएचसी नळीने जठरात देऊ लागल्यावर ती व्यंगे बहुतेक दिसेनाशी झाली. उरले जन्माचे कमी वजन.

खरा वाद इथला. टीएचसी मिळालेली गाभण मादी सुरुवातीला खाणेपिणे कमी करते. मग पिल्लू लहान राहिले ते टीएचसीमुळे की उपासमारीने? उत्तर म्हणून पेअर-फेड गट आला. मात्रा मिळालेल्या मादीने गर्भाच्या अमुक दिवशी जितके ग्रॅम खाल्ले, तितकेच जोडीच्या मादीला त्या दिवशी द्यायचे, आणि टीएचसीशिवाय नुसते तेल, किंवा टीएचसी ज्यात मिसळून देतात ते माध्यम. या गटाचीही पिल्ले लहान निघाली आणि टीएचसीवरचा ठपका हलका झाला. तो जरा घाईनेच झाला. मोजकी रसद मिळालेली मादी ती पटकन संपवते आणि पुढचा बराच वेळ उपाशी काढते. त्या ताणाने वाढणारे कॉर्टिकोस्टेरॉन हे संप्रेरक गर्भाची वाढ स्वतःच रोखते. शिवाय भूक मंदावणे हा टीएचसीचाच परिणाम असेल, तर तो वजा करणे म्हणजे इजेची एक वाट हिशेबातून गाळणे. म्हणून टीएचसीशिवाय पोटभर खाणारा तिसरा गट लागतोच.

टीएचसी दुधातही उतरते. त्यामुळे पिल्ले जन्मताच मात्रा न मिळालेल्या मादीकडे सोपवतात आणि दर वेतात 8 किंवा 10 च ठेवतात. एका वेताची दहा पिल्ले म्हणजे दहा नमुने नव्हेत; मात्रा आईला दिलेली असते, मोजायच्या त्या आया. ही चूक जुन्या निबंधांत वारंवार आढळते, आणि तिने किरकोळ फरकही ठळक भासतात.

टीएचसी पेशीवर ज्याला चिकटते त्या सीबी1 ग्राहीचे जनुक 1990 मध्ये आणि त्याच ग्राहीला चिकटणारे, शरीरातच बनणारे आनंदामाइड 1992 मध्ये सापडले, तसा प्रश्न बदलला. उंदरात गर्भ रुजण्याच्या जागी आनंदामाइडची पातळी उतरावी लागते; वाढत्या चेतातंतूंच्या टोकांवरही सीबी1 असते. बाहेरून आलेले टीएचसी याच यंत्रणेत शिरते.

2020 च्या सुमारास गाभण उंदरांना रोज किलोमागे 3 मिलीग्रॅम टीएचसी टोचले गेले. आईची वजनवाढ आणि पिल्लांची संख्या तशीच राहिली, पिल्ले मात्र लहान जन्मली. वारेतील ग्लुकोज वाहून नेणारे एक प्रथिन घटलेले होते.