'अनलिमिटेड'ची मर्यादा आली कुठून?

पुण्यात शिकायला आलेल्या मुलाला 'अनलिमिटेड' हा शब्द आधी भेटतो तो मेसच्या पाटीवर. पोळी, भाजी, आमटी, भात हवा तितका. गोड मात्र एकच वाटी. एका ताटात दोघांनी जेवायचं नाही, पानात टाकायचं नाही. अटी असतात, पण त्या ताट मांडायच्या आधी वाचता येतात. तिसरी पोळी घेताना कुणी अपराधी होत नाही.

इंटरनेटमध्ये हे गणित हळूहळू बिघडत गेलं. सरकारच्या 2004 च्या धोरणात ब्रॉडबँड म्हणजे किमान 256 केबीपीएस (सेकंदाला किलोबिट) वेग असं ठरलं, आणि पुढच्या काही वर्षांत रात्री 2 ते सकाळी 8 डाउनलोड मोफत देणारा प्लॅन घरोघरी आला. पेठेतल्या आमच्या कॉट बेसिसच्या खोलीत चौघांच्या पाळ्या असत. एकाने पावणेदोनचा गजर लावायचा, दुसऱ्याने आठला दहा मिनिटं असताना मोडेमची पिन ओढायची, कारण आठनंतरचा एकेक एमबी बिलात दिसे. त्या सहा तासांत आम्ही लाइन पिळून काढली. त्यात कुणाला काही गैर वाटलं नाही. मर्यादा घड्याळात होती आणि ती आम्ही पाळत होतो.

नंतर गच्चीवरून गच्चीवर वायर टाकणाऱ्या केबलवाल्याकडून 'अनलिमिटेड' घेतलं. महिन्याभरात त्याचा फोन आला, "दादा, जरा बेताने वापरा. बिल्डिंगमधल्या बाकीच्यांना स्पीड मिळत नाही." मी मुकाट्याने डाउनलोड बंद केलं. वरच्या मजल्यावरच्या काकूंचा मुलगा अमेरिकेत होता, संध्याकाळी त्यांचा व्हिडिओ कॉल असे. त्यांची अडचण खरी होती. पण ती मी केली होती का?

एकच लाइन अनेकांना विकणं ही या धंद्याची जुनी रीत आहे. सगळे एकाच वेळी वापरत नाहीत, या हिशेबावर ती चालते. 2009 मध्ये दूरसंचार नियामकाने, म्हणजे 'ट्राय'ने, त्यालाही आकडा घालून दिला: एका लाइनची क्षमता घरगुती जोडणीत जास्तीत जास्त पन्नास ग्राहकांत वाटायची, व्यावसायिक जोडणीत तीस. हिशेब गैर नाही. पण तो चुकला तर भार विकणाऱ्याने उचलायचा, शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघून ग्राहकाने नव्हे.

गुंता खरा वाढवला तो 'फेअर यूसेज' या शब्दाने. मराठीत त्याचं 'उचित वापर' झालं. प्रत्यक्षात तो एक आकडा होता: इतके जीबी झाले की वेग खाली. आकड्याला आकडा म्हटलं असतं तर भांडण नव्हतं. 'उचित' म्हटल्यावर आकडा ओलांडणारा अनुचित ठरतो, आणि पैसे मोजलेला माणूस आपण हावरटपणा तर केला नाही ना, असा विचार करू लागतो. मला हा शब्द आजही खटकतो.

31 ऑक्टोबर 2016 चा नियामकाचा आदेश म्हणूनच महत्त्वाचा. मर्यादा किती, तोवर वेग किती, नंतर किती, हे जाहिरातीतच सांगा. मर्यादा जवळ आली की ग्राहकाला कळवा. आणि घरगुती ब्रॉडबँडचा वेग 512 केबीपीएसच्या खाली नेऊ नका. जबाबदारी विकणाऱ्याच्या बाजूला सरकली. मोबाइलला मात्र ही वेगाची अट लागली नाही, आणि वापर तर तिकडेच वळत होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आलेल्या जिओने आधी रोज 4 जीबी मोफत दिले, जानेवारी 2017 पासून रोज 1 जीबी; तेवढे संपले की वेग 128 केबीपीएस. 'अनलिमिटेड कॉल'वालेही 2017 मध्ये दिवसाला 300 मिनिटांची अट घालताना दिसले.

जानेवारी 2023 मध्ये ब्रॉडबँडची किमान व्याख्याच 2 एमबीपीएस, म्हणजे साधारण 2,000 केबीपीएस, झाली. म्हणजे 2016 च्या आदेशातला 512 चा तळ त्याच्या चौथ्या हिश्शाला आला. घरच्या फायबरच्या 'अनलिमिटेड' प्लॅनखाली बारीक अक्षरांत आता महिन्याला 3,300 जीबी लिहिलेलं सापडतं. दिवसाला 110 जीबी. साध्या घरात कुणी तिथवर जात नाही. तरी माझी आई रात्री झोपताना राउटरचं बटण बंद करते. "उगाच चालू कशाला, संपेल ना," म्हणते.