‘निम्मी लग्नं मोडतात’ हा आकडा येतो कुठून?

‘दर दोन लग्नांपैकी एक मोडतं’ असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. बहुतेकदा त्यात एका वर्षातल्या घटस्फोटांना त्याच वर्षीच्या लग्नांनी भागलेलं असतं. पण यंदा विभक्त झालेल्या जोडप्यांची लग्नं गेल्या ३०-४० वर्षांत कधीही झालेली असतात. समजा, लग्नं १०००, घटस्फोट ५००. म्हणजे ५० टक्के. पुढच्या वर्षी तरुणांनी लग्न लांबणीवर टाकलं, लग्नं ८०० झाली, घटस्फोट तेवढेच राहिले, तरी आकडा ६२.५ टक्क्यांवर जातो. एकही संसार जास्त मोडलेला नसतो! यावरून कुटुंबधोरण आखलं तर इलाज भलत्याच दुखण्यावर होतो. म्हणून आधी छेदात काय आहे ते पाहा. दर हजार विवाहित जोडप्यांमागे घटस्फोट किती, हा आकडा बरा. त्याहून नेमका प्रश्न: एकाच वर्षी लग्न झालेल्यांपैकी २० वर्षांत किती जणांनी घटस्फोट घेतला?